६ जून १९४४: रेडिओचा अख्खा दिवस ऐकण्यात अर्थ आहे का?

लघुलहरी
नमस्कार मंडळी,

दुसऱ्या महायुद्धात दोस्त राष्ट्रांचं सैन्य जर्मनांच्या ताब्यातल्या फ्रान्सच्या नॉर्मंडी किनाऱ्यावर उतरलं तो चढाईचा दिवस (डी-डे), ६ जून १९४४, मंगळवार. अमेरिकेतल्या एनबीसी आणि सीबीएस या दोन्ही रेडिओ कंपन्यांचं त्या दिवसाचं प्रसारण ध्वनिमुद्रित झालेलं आहे आणि आंतरजालावर सलग ऐकायला मिळतं. सध्या मी ते क्रमाने ऐकतोय. बातमीपत्र, मग संगीत, मग परत बातमीपत्र, काहीही न गाळता.

दोस्तांचा सरसेनापती आयझेनहॉवर याचा संदेश आणि अमेरिकेचा अध्यक्ष रूझवेल्ट याची रात्रीची प्रार्थना हे तुकडे बहुतेकांनी कुठे ना कुठे ऐकलेले असतात. मला त्यांच्यापेक्षा पहाटेचे तीन तास जास्त धरून ठेवतायत. न्यूयॉर्कच्या घड्याळात रात्रीचे १२:३७. ट्रान्सओशन या जर्मन वृत्तसंस्थेने जाहीर केलं की चढाई सुरू झाली आहे. ओमाहा आणि युटा या किनाऱ्यांवर अमेरिकन सैनिक उतरायची ठरलेली वेळ इंग्लंडच्या घड्याळात सकाळी ६:३०, म्हणजे न्यूयॉर्कचे १२:३०. थोडक्यात, जर्मनांची बातमी सात मिनिटांत हजर! आणि दोस्तांचं पहिलं अधिकृत पत्रक वाचलं गेलं ३:३२ ला. मधल्या वेळात रेडिओवाल्यांच्या हातात एवढी मोठी बातमी, पण देणारा शत्रू. दर वेळी ते हेच सांगतात: हे जर्मन म्हणतायत, आपल्याकडून दुजोरा नाही.

माझ्या मते युद्धकाळातल्या रेडिओचा सगळ्यात चांगला नमुना हाच आहे, आणि निवडक तुकडे ऐकणाऱ्याला तो कधीच सापडत नाही. तुम्हाला काय वाटतं? अख्खा दिवस ऐकावा, की गाजलेली पाच-सहा भाषणं पुरे?

टवाळ_टोणगा
तीन तास "दुजोरा नाही" म्हणत बसणारा निवेदक? आजच्या वाहिन्यांवर त्याला पहिल्या ब्रेकच्या आत नारळ मिळाला असता.

सुमेधा_लिहिते
वाचतेय. एक शंका. बातमी एकच, ती पण एका वाक्याची. मग तीन तास बोलायचे काय हे लोक?

लघुलहरी
@सुमेधा, सुरुवातीला फारसं बोलतच नाहीत. बातमी वाचायची, सावधगिरीचा इशारा द्यायचा आणि पुन्हा नाचाच्या बॅंडकडे जायचं. हे फार विचित्र वाटतं ऐकताना. ल हाव्रच्या बंदरावर भडिमार चालू असल्याचं जर्मन रेडिओ सांगतोय, असं वाचून झालं की लगेच सॅक्सोफोन. पुढे हळूहळू बॅंड मागे पडतो आणि माणसं वाढत जातात. सीबीएसवर बॉब ट्राउट किल्ला लढवतो, एनबीसीवर रॉबर्ट सेंट जॉन. ट्राउटच्या मागे टेलिप्रिंटरची खडखड ऐकू येते. कागद आला की तो वाचतो, नाही आला की नाही आला असं सांगतो.

खडूस_काका
धागाकर्त्यांच्या उत्साहावर जरा पाणी ओततो. यात संयम कसला बघताय? जानेवारी १९४२ पासून अमेरिकन रेडिओला सेन्सॉर कार्यालयाची आचारसंहिता होती. नावाला ऐच्छिक, पण मोडायची कुणाची छाती नव्हती. हवामानाचा अंदाज सांगायचा नाही, कारण पाणबुड्यांना फायदा. श्रोत्यांच्या फर्माइशीची गाणी लावायची नाहीत, कारण फर्माइशीतून हेराने निरोप धाडला तर? रस्त्यावर कुणालाही गाठून मायक्रोफोन पुढे करायचा नाही, कारण तेच. अशा वातावरणात वाढलेला निवेदक पहाटे एक वाजता जपून बोलला तर त्याला पत्रकारितेचा मानदंड म्हणायचं?

शिवाय तीनच दिवस आधी त्यांचं तोंड पोळलं होतं. ३ जूनला असोसिएटेड प्रेसच्या लंडन कचेरीत टेलीटाइपवर सराव करणाऱ्या एका मुलीच्या हातून "फ्रान्समध्ये दोस्तांचं सैन्य उतरलं" हा मजकूर तारेवर गेला. काही मिनिटांत मागे घेतला, पण तोवर रेडिओवरून तो सांगूनही झाला होता. ६ तारखेला ताक फुंकून प्याले, एवढंच.

मृ_गो
काका, माहिती चोख, निष्कर्ष पटला नाही. सेन्सॉर "हे सांगू नका" म्हणू शकतो. पण जर्मन बातमी तर ते सांगतच होते! दाबून टाकली नाही, आणि खरी म्हणून खपवलीही नाही. तिच्यावर कोणाचं लेबल आहे हे दर वेळी वाचून दाखवलं. हे सेन्सॉरने शिकवलेलं नाही.

आणि इशारा नुसता भित्रेपणातून नव्हता. चढाईची खोटी आवई उठवून जर्मन फ्रान्समधल्या भूमिगतांना वेळेआधी बिळाबाहेर काढतील, ही भीती दोस्तांनी आधीच बोलून दाखवली होती. त्या पहाटे निवेदक श्रोत्यांना हेही सांगतात. म्हणजे का थांबलोय, याचं कारणसुद्धा देतात.

साधा_सरळ
मृ_गो +१

फिरकी_गोलंदाज
थोडं ब्रिटिश बाजूबद्दल. ३:३२ म्हणजे लंडनचे सकाळचे ९:३२. तिथे हेच पत्रक बीबीसीवर जॉन स्नॅगने वाचलं. हा स्नॅग म्हणजे ऑक्सफर्ड-केंब्रिज नौकाशर्यतीचा ठरलेला समालोचक! १९४९ च्या शर्यतीत त्याच्या लाँचचं इंजिन दगा देतं आणि तो म्हणतो, कोण पुढे आहे मला दिसत नाही, पण ते ऑक्सफर्ड तरी आहे नाहीतर केंब्रिज तरी. दुजोरा नसलेली बातमी द्यावी तर अशी.

दुसरा खेळवाला हॉवर्ड मार्शल. तिशीच्या दशकातला बीबीसीचा क्रिकेटचा आवाज. १९३४ ला लॉर्ड्सवर हेडली व्हेरिटीने ऑस्ट्रेलियाच्या १५ विकेट काढल्या, त्यातल्या १४ एका दिवसात, ते वर्णन याचं. १९३८ ला ओव्हलवर हटनच्या ३६४ धावा, तेही याचंच. हाच मार्शल ६ जूनला सैनिकांबरोबर नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर गेला. ज्या बोटीतून उतरायचं ती सुरुंगावर आदळली. त्याच संध्याकाळी इंग्लंडला परतून तो मायक्रोफोनसमोर बसला आणि पहिल्यांदा काय सांगितलं, तर अंगावरचे कपडे चिंब आहेत आणि टिपणं समुद्राच्या तळाशी गेली आहेत. मग नुसत्या आठवणीवर अख्खा वृत्तांत. आवाज तोच, क्रिकेटवाला, घाई नाही. फक्त मधेमधे वाक्य तुटतं.

अर्धवट_पंडित
अवांतर: व्हेरिटी त्याआधी वर्षभर गेला होता. कॅप्टन होता, सिसिलीत जखमी होऊन पकडला गेला आणि ३१ जुलै १९४३ ला इटलीत कासेर्टाला युद्धकैदी म्हणून वारला.

फिरकी_गोलंदाज
हो. मार्शल लॉर्ड्सवर ज्याचं वर्णन करत होता तो ३८ वर्षांचा असताना गेला.

टवाळ_टोणगा
धागा क्रिकेटवर येणारच होता. आपला सरासरी वेळ सातवा प्रतिसाद, आज अगदी वेळेवर आला.

तबकडीवाला
तंत्राची बाजू कुणी घेतली नाही म्हणून लिहितो. अख्खा दिवस मुद्रित करणं ही काय भानगड होती ते बघा. चुंबकीय फीत अजून अमेरिकन स्टुडिओत पोचायची होती. मुद्रण व्हायचं १६ इंची तबकड्यांवर, लाखेचा थर असलेल्या. एरवी पाया अ‍ॅल्युमिनियमचा, पण ते विमानांना लागत होतं, म्हणून युद्धात काचेचा. हातातून निसटली की पंधरा मिनिटांचा इतिहास फरशीवर! कारण एका बाजूला साधारण पंधराच मिनिटं मावत. चोवीस तासांना ९६ बाजू. एक संपत आली की शेजारच्या यंत्रावर दुसरी सुरू करायची, नाहीतर मधलं वाक्य गेलं. कोरताना निघणारा लाखेचा बारीक दोरा सुईखाली गुंतू नये म्हणून सतत बाजूला सारत राहायचं. हे काम रात्रभर.

त्यात गंमत अशी की मुद्रित गोष्ट प्रसारित करणं एनबीसी आणि सीबीएसला कमीपणाचं वाटे. सगळं थेट हवं. १९३७ मध्ये हिंडेनबर्ग हवाईजहाज जळलं तेव्हा हर्बर्ट मॉरिसनच्या मुद्रणासाठी एनबीसीने नियम वाकवला होता. ६ जूनला मात्र नियम धरून चालणारच नव्हतं, कारण त्या दिवसाचा सगळ्यात मोठा वृत्तांत मुद्रितच होता: जॉर्ज हिक्सचा.

सुमेधा_लिहिते
हिक्स कोण? सविस्तर लिहा ना तबकडीवाले.

तबकडीवाला
हिक्स ब्लू नेटवर्कचा लंडनमधला माणूस. (ब्लू म्हणजे पुढे एबीसी झालं ते.) तो होता 'अँकन' या जहाजावर, नौदलाचं मुख्यालय असलेलं जहाज. त्याच्याकडे फिल्मच्या पट्टीवर आवाज कोरणारं यंत्र होतं. अंधार पडल्यावर जर्मन विमानं येतात आणि जहाजावरच्या तोफा सुरू होतात. हिक्स काय दिसतंय ते सांगत राहतो, पट्टीवर तोफांचा आवाज त्याच्या आवाजाइतकाच मोठा. मध्येच तो म्हणतो, माफ करा, मी क्षणभर बोलायचं थांबतो आणि एक खोल श्वास घेतो. आणि खरंच थांबतो. नंतर विमान पडल्याचा जल्लोष.

ते मुद्रण सगळ्या कंपन्यांनी वाटून घेतलं, स्पर्धा त्या दिवसापुरती बाजूला. मूळ पट्ट्या पुढे लाँग आयलंडवरच्या एका घराच्या तळघरात सापडल्या आणि २०१९ मध्ये व्हर्जिनियातल्या बेडफर्डच्या डी-डे स्मारकाला दिल्या गेल्या.

खडूस_काका
हे छान सांगितलंत. थेट युद्धभूमीवरून म्हणून आपण जे ऐकतो त्यातलं बहुतेक असं डबाबंद आणि तपासून सोडलेलं असे, हेही यातून सिद्ध होतं. माझा मुद्दा जिवंत आहे.

आता दुसरा पैलू. रेडिओ त्या दिवशी बातम्या देण्यापुरता नव्हता, तो शस्त्र होता. ब्रिटिशांनी 'सोल्डाटेनझेंडर काले' (सैनिकांचं केंद्र, काले) नावाचं जर्मन भाषेतलं केंद्र चालवलं होतं. सेफ्टन डेल्मर त्याचा सूत्रधार. जर्मन सैनिकाला वाटावं की हे आपलंच. उत्तम संगीत, बऱ्याचशा खऱ्या बातम्या, आणि त्यात अधूनमधून पेरलेलं विष. प्रक्षेपक ससेक्समधल्या क्रोबरोचा, ६०० किलोवॅटचा, शत्रूच्या केंद्राला त्याच्याच लहरीवर दाबून टाकण्याच्या ताकदीचा.

आयझेनहॉवरचा संदेश तरी निर्मळ होता का? त्यात तो म्हणतो, हा नुसता पहिला टप्पा आहे. खोटं नाही, पण नेमकं सोयीचं. खरी चढाई अजून फ्रान्सच्याच काले बंदराजवळ व्हायची आहे अशी जर्मनांची समजूत दोस्तांनी महिनोन् महिने खतपाणी घालून वाढवली होती, ती ६ जूनला मोडायची नव्हती. अख्खा दिवस ऐकणाऱ्याने हे डोक्यात ठेवून ऐकावं.

मृ_गो
हे शंभर टक्के मान्य. आदल्या रात्रीचं फ्रेंच प्रसारणही त्यातच धरा. ५ जूनला रात्री बीबीसीच्या फ्रेंच सेवेवरून व्हर्लेन या फ्रेंच कवीच्या कवितेच्या ओळी गेल्या. ऐकणाऱ्या हजारोंना ती कविता, मोजक्या भूमिगतांना हुकूम: रेल्वे तोडा. जर्मनांनाही तो संकेत ठाऊक होता, त्यांनी तो ऐकला, वरपर्यंत कळवला, तरी नॉर्मंडीतलं सातवं सैन्य सावध केलं नाही. तेव्हा ऐकणं आणि ऐकून काही करणं...

अनाहता
सगळे स्टुडिओबद्दल बोलताय. ऐकणाऱ्याची बाजू हवी असेल तर अ‍ॅन फ्रॅंकच्या डायरीतली ६ जूनची नोंद काढा. चौदा वर्षांची मुलगी, अ‍ॅमस्टरडॅममध्ये लपलेली. डच लोकांना मे १९४३ मध्येच रेडिओ जमा करायचा हुकूम झालेला, म्हणजे ऐकणं हाच गुन्हा. तिने त्या दिवशी रेडिओचं चक्क वेळापत्रक लिहून ठेवलंय. आठ वाजता अमुक बातमी, किनाऱ्यापासून ३५ किलोमीटरच्या आतल्या लोकांना इशारा, मग जर्मन काय म्हणाले, मग इंग्रज काय म्हणाले. नंतर आयझेनहॉवर, डच पंतप्रधान, नॉर्वेचा राजा, द गॉल.

जे लघुलहरी म्हणतायत ते तीही करतेय. कोण बोललं ते आधी, काय बोललं ते नंतर. कुठल्या सेन्सॉरने तिला सांगितलं नव्हतं, काका.

खडूस_काका
@अनाहता, हा बाण लागला. तरीही एका श्रोत्यावरून धंद्याबद्दल निष्कर्ष काढू नये.

साधा_सरळ
मला वेगळंच मत मांडायचंय. मी एनबीसीचं पहाटेपासून ऐकायला घेतलं आणि सकाळपर्यंत कंटाळलो. तेच पत्रक, तेच "जनरल आयझेनहॉवर यांच्या नेतृत्वाखाली", पुन्हा पुन्हा. मग लंडनहून लघुलहरींवरून कुणीतरी येतो, अर्धं खरखरीत जातं. मग चर्चमधून प्रार्थना. मग परत पत्रक. इतिहासकार कात्री लावतात ती उगीच नाही. राईट ब्रायन हा वार्ताहर छत्रीधारी सैनिकांच्या विमानातून जाऊन आला, त्याचा वृत्तांत, हिक्स, मार्शल, रूझवेल्ट. तासाभरात दिवस कळतो. बाकी भरताड.

लघुलहरी
@साधा_सरळ, भरताड आहे हे खरं, पण ते कुणासाठी भरलंय ते बघा. पत्रक आलं तेव्हा न्यूयॉर्कमध्ये पहाटेचे साडेतीन, कॅलिफोर्नियात रात्रीचे साडेबारा. देशातला बहुतेक माणूस झोपलेला. कुणी चारला कामावर जायला उठला, कुणी सातला, कुणाला शेजाऱ्याने दार वाजवून उठवलं. त्या प्रत्येकाने रेडिओ लावला की पहिल्या पाच मिनिटांत त्याला पत्रक मिळायला हवं. म्हणून ते सारखं येतं.

मुद्दा असा की तो दिवस तुम्ही-मी ऐकतोय तसा सलग कुणीच ऐकला नव्हता. ज्याला त्याला आपापला तुकडाच मिळाला. तुकड्यातच ऐकायचं तर मग पाच गाजलेली भाषणं तरी का? दुपारी कुठलाही अर्धा तास काढा. मालिका चालू असेल, मध्येच तोडून बातमी येईल. त्या दिवशीच्या श्रोत्याच्या जास्त जवळ जाल.

तबकडीवाला
याच्याशी सहमत. तुलनेसाठी वॉशिंग्टनच्या डब्ल्यूजेएसव्ही केंद्राचा २१ सप्टेंबर १९३९ चा दिवस ऐका, तोही सकाळपासून रात्रीपर्यंत मुद्रित आहे. युरोपात युद्ध पेटून तीन आठवडे झालेत, अमेरिका अजून कुंपणावर. सकाळी आर्थर गॉडफ्रे जाहिराती वाचता वाचता थट्टा करतोय, दुपारी रूझवेल्ट संसदेसमोर शस्त्रबंदीचा कायदा बदला म्हणून भाषण करतोय, त्यानंतर बेसबॉलचा सामना, आणि त्याच दिवशी रुमानियाच्या पंतप्रधानाचा खून. सगळं एकाच सुरात, साबणाच्या जाहिरातीसकट. पाच वर्षांनी ६ जूनला जाहिराती गायब आणि बेसबॉलचे सामने रद्द. दोन्ही दिवस शेजारी ठेवले की फरक कळतो.

टवाळ_टोणगा
सामने रद्द? मग खरंच गंभीर होतं म्हणायचं.

गणिती_भूत
वेळांचा घोळ कुणी मिटवला नाही म्हणून. इंग्लंड तेव्हा दुहेरी उन्हाळी वेळेवर, ग्रीनिचच्या दोन तास पुढे. न्यूयॉर्क युद्धकालीन वेळेवर, चार तास मागे. आणि आपल्याकडेही सप्टेंबर १९४२ पासून घड्याळं तासभर पुढे केलेली, म्हणजे साडेसहा तास पुढे. त्या हिशेबाने पत्रक वाचलं गेलं तेव्हा हिंदुस्थानात दुपारचे २ वाजून २ मिनिटं.

आणखी एक. रूझवेल्ट ५ जूनला रात्री ८:३० ला रोम पडल्याबद्दल बोलला. तेव्हा इंग्लंडच्या घड्याळात ६ जूनचे पहाटेचे २:३०. छत्रीधारी सैनिक नॉर्मंडीत उतरलेसुद्धा होते, आणि हा शांतपणे इटलीबद्दल बोलतोय. दुसऱ्या रात्री प्रार्थनेच्या सुरुवातीला तो स्वतःच सांगतो की काल बोलताना मला हे ठाऊक होतं.

कोल्हापुरी_ठसका
हिंदुस्थानचा विषय निघालाच आहे तर: युद्धकाळात बीबीसी लंडनहून मराठीतही वार्तापत्र जात असे. जॉर्ज ऑर्वेल १९४१ ते ४३ तिथल्या पूर्व विभागात होता, इंग्रजी मसुदा तो लिहायचा आणि त्यावरून मराठी व्हायचं. तिथेच त्याच्याबरोबर काम करणाऱ्या वेणू चितळे आमच्या कोल्हापूरकडच्या. आणि त्याच १९४२ मध्ये इकडे मुंबईत उषा मेहता आणि सहकारी ४२.३४ मीटरवर काँग्रेस रेडिओ चालवत होते, २७ ऑगस्टपासून १२ नोव्हेंबरला पकडले जाईपर्यंत. एकाच वर्षी सरकारच्या बाजूचा मराठी आवाज लंडनहून आणि सरकारविरुद्धचा आवाज मुंबईच्या भाड्याच्या खोल्यांतून. त्यावर कुणीतरी स्वतंत्र धागा काढा.

सुमेधा_लिहिते
तुम्हीच काढा ठसका, वाट बघते.

बाकी माझं ठरलं. १२:३० पासून ४ पर्यंत सलग ऐकणार, मग दुपारचा कुठलाही अर्धा तास, मग रात्री १० ची प्रार्थना आणि हिक्स. एनबीसी घेऊ की सीबीएस?

लघुलहरी
पहाटेसाठी सीबीएस, ट्राउटसाठी. रात्री एनबीसी, कारण मंगळवार म्हणजे बॉब होपचा वार. तो त्या रात्री विमानतळावरून बोलतो आणि पहिली काही मिनिटं एकही विनोद करत नाही. प्रार्थनेचा मजकूर दुपारच्या वर्तमानपत्रांत आधीच छापून आला होता, लोकांना बरोबर म्हणता यावी म्हणून. तो समोर ठेवून ऐका. आणि फायलींवरच्या वेळा न्यूयॉर्कच्या आहेत, नाहीतर भूत मागे लागेल.

खडूस_काका
मीही पहाटेचे तीन तास ऐकतो म्हणतो. सेन्सॉरचा मुद्दा मागे घेतलेला नाही, ऐकून झाल्यावर इथेच भांडू.